व्हॉल्व्ह रेडिओ: सगळे कंडेन्सर बदलूनही हम येतो आणि वीस मिनिटांनी आवाज फाटतो

खारेगावकर

नमस्कार मंडळी. सासऱ्यांचा सहा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या नळ्यांचा) लाकडी टेबल रेडिओ नौपाड्यातल्या जुन्या घरी कपाटावर वर्षानुवर्षं पडून होता. इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा सामानाबरोबर तो माझ्याकडे कळव्याला आला. सासरे आता ऐंशीच्या पुढे आहेत. रेडिओ त्यांच्यासमोर पुन्हा वाजावा, एवढ्यासाठी हा खटाटोप चाललाय.

व्हॉल्व्ह असे आहेत: ईसीएच८१ (मिक्सर-ऑसिलेटर), ईएफ८९, ईबीसी८१ (आवाज पहिल्यांदा मोठा करणारा), ईएल८४ (स्पीकर चालवणारा), रेक्टिफायर ईझेड८० (एसीचं डीसी करणारा) आणि मॅजिक आय ईएम८० (स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा डोळा). ट्रान्सफॉर्मरवाला एसी सेट, आयएफ (प्रत्येक स्टेशन आत ज्या ठरावीक फ्रीक्वेन्सीवर आणलं जातं ती) ४५५ किलोहर्ट्झ.

मेणाचे सगळे पेपर कंडेन्सर काढून ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर घातलेत. फिल्टरचा ॲल्युमिनिअमचा डबा आतून पार सुकला होता. तो जागेवर तसाच ठेवला आणि चॅसीखाली (धातूच्या सांगाड्याखाली) १०० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन नवे बसवले. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळला होता, तो रिवाइंड करून आणला. मेन्सची वायर आणि फ्यूज नवे आहेत. व्हॉल्व्ह सगळे जुनेच. रेझिस्टन्सना हात लावलेला नाही.

रेडिओ वाजतो. मीडियम वेव्हला ५५८ किलोहर्ट्झवर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी खणखणीत लागते. पण तीन तक्रारी आहेत. एक, सतत घुंऽऽ असा हम येतो, व्हॉल्यूम पूर्ण खाली केला तरी जात नाही. दोन, वीसेक मिनिटं वाजल्यावर आवाज हळूहळू फाटायला लागतो, आणि अंधारात पाहिलं तर ईएल८४ च्या प्लेटची एक कड लालसर दिसते. तीन, शॉर्ट वेव्ह पूर्ण मुका. कुठून सुरुवात करू?

ऐरोली_एक्सप्रेस

ईएल८४ गेलाय, दुसरं काय. गिटार ॲम्प्लिफायरमध्ये हाच व्हॉल्व्ह चालतो, त्यामुळे नवा आजही बनतो आणि ऑनलाइन सहज मिळतो. बदलून टाका.

सिरीज_बल्ब

खारेगावकर, आधी सेट बंद करा आणि प्लेट लाल होण्याचं कारण सापडेपर्यंत जास्त वेळ चालवू नका. लाल प्लेट म्हणजे ईएल८४ मधून झेपत नाही एवढा करंट वाहतोय. तो सगळा ईझेड८० मधून आणि मेन्स ट्रान्सफॉर्मरमधून येतो. ईएल८४ नवा मिळेल, पण ट्रान्सफॉर्मर जळला तर तसाच बांधून द्यायला माणूस शोधत फिरावं लागेल.

ऐरोली, तुमचा अंदाज बरोबर निघेलही, पण मोजल्याशिवाय व्हॉल्व्ह बदलायचा नाही. दोष सर्किटमध्ये असेल तर नवा व्हॉल्व्हही वीस मिनिटांनी लाल होईल.

सिरीज बोर्ड आहे का? शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब मेन्सच्या सिरीजमध्ये लावायचा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. सुरुवातीला क्षणभर उजळून मग मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करायचं. शॉर्ट नाही अशी खात्री पटली की बोर्ड काढून थेट मेन्सवर मोजा, नाहीतर सगळी व्होल्टेजं कमी दिसतील.

एवढं मोजून सांगा: मेन्स किती आहे, मागचा व्होल्टेज सिलेक्टर कशावर आहे, हीटरला (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला) किती मिळतंय, एचटी (व्हॉल्व्हच्या प्लेटना लागणारं मोठं डीसी व्होल्टेज) किती, आणि ईएल८४ ची पिन २ (कंट्रोल ग्रिड, करंटला लगाम घालणारी जाळी) व पिन ३ (कॅथोड, इलेक्ट्रॉन सोडणारा भाग). हे सगळं दोनदा, पाच मिनिटांनी आणि वीस मिनिटांनी. मीटरची काळी पिन चॅसीला क्लिपने अडकवा आणि एकच हात वापरा, दुसरा खिशात. बंद केल्यावरही फिल्टरमध्ये अडीचशे व्होल्ट बसलेले असतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स काही सेकंद लावून ते उतरवा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला.

जांभळी_नाका

वाचतोय. आमच्याकडेही असा सेट होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल पट्टी ताणलेली असायची.

खारेगावकर

काका, तुम्ही सांगितलंत तसं मोजलं. सिरीज बोर्डवर बल्ब मंद झाला, म्हणून पुढे गेलो.

मेन्स २३८ व्होल्ट. सिलेक्टर २२० वर. हीटरला ६.८.
पाच मिनिटांनी: एचटी २६८, पिन ३ वर ७.६, पिन २ वर ०.१.
वीस मिनिटांनी: एचटी २३८, पिन ३ वर ११.४, पिन २ वर चक्क ६ व्होल्ट, पॉझिटिव्ह. कॅथोडचा रेझिस्टन्स १५० ओहम आहे, मोजूनही तेवढाच भरला.

सिरीज_बल्ब

आता बोलता येईल. ज्यांच्याकडे असा सेट आहे त्यांनीही हा हिशोब करून बघा, ईएल८४ च्या जवळजवळ प्रत्येक सेटला लागू पडतो.

कॅथोडचं व्होल्टेज भागिले कॅथोडचा रेझिस्टन्स म्हणजे व्हॉल्व्हमधला करंट. सुरुवातीला ७.६ भागिले १५०, म्हणजे साधारण ५१ मिलिअँपिअर. हे अगदी योग्य. ईएल८४ च्या माहितीपत्रकात २५० व्होल्टला प्लेटचे ४८ आणि स्क्रीनचे (दुसऱ्या ग्रिडचे) साडेपाच मिलिअँपिअर धरलेले आहेत. वीस मिनिटांनी ११.४ भागिले १५०, म्हणजे ७६. प्लेटवर १४-१५ वॅट पडतायत आणि तिची मर्यादा १२ वॅट. लाल होणारच. बाकीच्या व्हॉल्व्हचे वीस-बावीस मिळवले तर एकूण करंट ९० च्या वर जातो, आणि ईझेड८० ची कमाल मर्यादाच ९० मिलिअँपिअर आहे. म्हणून एचटी तीस व्होल्टने खाली बसलं.

हे सगळं पिन २ मुळे. ती शून्यावर राहायला हवी, म्हणजे कॅथोडच्या मानाने सात-साडेसात व्होल्ट निगेटिव्ह. ती सहाने वर चढली की व्हॉल्व्हचा लगाम सुटतो.

ती वर चढण्याची कारणं तीन. ईबीसी८१ च्या प्लेटकडून येणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर (फक्त आवाज पुढे देऊन डीसी अडवणारा) लीक असेल. किंवा व्हॉल्व्ह स्वतः गॅसी असेल (आत थोडा वायू राहिलेला), तापल्यावर ग्रिडमधून उलटा करंट सोडत असेल. किंवा ग्रिड ते चॅसी हा जो रेझिस्टन्स असतो तो वाढला असेल, त्यामुळे तो किंचितसा करंट जमिनीला जायच्या ऐवजी तिथेच व्होल्टेज साठवत राहतो.

कपलिंग कंडेन्सरचा पिन २ कडचा पाय उचला आणि पुन्हा वीस मिनिटं चालवा. आवाज येणार नाही, फक्त मीटर बघा आणि प्लेटवर नजर ठेवा. लाल व्हायला लागली की लगेच बंद. त्यानंतर सेट गार झाला की तो ग्रिडचा रेझिस्टन्स मोजा. पाय उचललेलाच असल्यामुळे तो जागेवरही बरोबर मोजला जातो.

खाडीपल्याड

काकांना पूर्ण अनुमोदन. एक भर घालते. कंडेन्सर नवा असला तरी त्याच्यावर संशय घ्याच. बाजारात जुन्या साठ्यातला माल नव्याच्या नावाने विकला जातो. मी लॅमिंग्टन रोडवरून आणलेला प्रत्येक कंडेन्सर बसवण्याआधी २५० व्होल्ट आणि मीटरच्या मध्ये धरून बघते. सुरुवातीचा झटका उतरला की मीटरने शून्य दाखवायला हवं.

खारेगावकर

पाय उचलला. तरीही पिन २ चढत गेली, आधीसारखीच. म्हणजे कंडेन्सर निर्दोष.

आणि आता खरी गोष्ट. तो ग्रिडचा रेझिस्टन्स पिवळा-जांभळा-पिवळा आहे, म्हणजे ४७० किलोओहम. मीटर दाखवतोय २.३ मेगओहम! बाहेरून बघितला तर रंग ताजे, कुठे काळा पडलेला नाही, चिरलेला नाही. कोणी म्हणणार नाही की हा बिघडलाय.

सिरीज_बल्ब

सापडला चोर. जुन्या कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टन्सचं हेच दुखणं असतं. दमट हवेत, वर्षानुवर्षं, तापून-गार होऊन किंमत वाढत जाते, आणि जितकी मूळ किंमत मोठी तितकी वाढ जास्त. ठाणं काय, नेरूळ काय, खाडीची हवा आहेच. ईएल८४ ला कॅथोड बायसवर (तुमच्यासारखा कॅथोडला रेझिस्टन्स असतो तेव्हा) ग्रिडचा रेझिस्टन्स जास्तीत जास्त १ मेगओहम चालतो.

४७० चा नवा, अर्ध्या वॅटचा मेटल फिल्म लावा. शिवाय १०० किलोओहमच्या वरचे सगळे रेझिस्टन्स मोजून काढा. वीस टक्क्यांहून जास्त फरक असेल तो बदला, बाकीच्यांना हात लावू नका.

आणि सिलेक्टर २४५ वर घ्या. हे सेट बनले तेव्हाची वीज आणि आजची वीज यांत फरक आहे. २३८ व्होल्ट २२० च्या टॅपवर दिल्यामुळेच हीटरला ६.३ च्या जागी ६.८ जातायत. व्हॉल्व्ह जास्त तापला की ग्रिडचा उलटा करंटही वाढतो.

खारेगावकर

रेझिस्टन्स बदलला, सिलेक्टर २४५ वर घेतला. हीटर आता ६.१. तासभर चालवून पिन २ वर ०.३ व्होल्ट, पिन ३ वर ७.२. प्लेट काळीभोर. आवाज फाटत नाही! व्हॉल्व्ह जुनाच ठेवलाय.

ईबीसी८१ च्या प्लेटचा २२० किलोओहमचा रेझिस्टन्सही ३९० निघाला, तोही बदलला. आवाजात एकदम भरदारपणा आला.

हम मात्र तसाच आहे.

जांभळी_नाका

हमसाठी फिल्टर वाढवून बघा ना, १०० चे २२० करा.

सिरीज_बल्ब

नको नको, हे अजिबात करू नका. ईझेड८० च्या लगेच पुढचा, म्हणजे पहिला कंडेन्सर, कमाल ५० मायक्रोफॅरडचा असावा असं त्या व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकातच आहे. तिथे १०० आधीच जास्त झाले. कंडेन्सर मोठा असला की तो प्रत्येक अर्ध्या आवर्तनात अगदी थोड्या वेळात जोरात करंट खेचतो. ते धक्के रेक्टिफायरच्या कॅथोडला आणि ट्रान्सफॉर्मरला सोसावे लागतात. पहिल्या जागी ४७ घाला. रेझिस्टन्स किंवा चोकच्या पलीकडचा दुसरा १०० चा राहिला तरी चालेल.

हम कुठला आहे हे आधी ठरवायचं. फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं फुकट ॲप टाका आणि स्पीकरसमोर धरा. सुळका १०० हर्ट्झला मोठा असेल तर तो रेक्टिफायर-फिल्टरच्या बाजूचा. ५० ला असेल तर हीटरची वायरिंग, हीटर-कॅथोड लीकेज, किंवा ग्रिडच्या वायरने हवेतून उचललेला. मग सेट चालू असताना, नीट कापड धरून, ईबीसी८१ सॉकेटमधून काढा. तुमच्या सेटमध्ये हीटर पॅरलल आहेत म्हणून हे चालतं. हम गेला की राहिला ते सांगा.

खारेगावकर

सुळका १०० ला. ईबीसी८१ काढल्यावर हम जवळजवळ पूर्ण गेला. पहिल्या जागी ४७ टाकल्यावर थोडा कमी झाला, गेला नाही.

सिरीज_बल्ब

म्हणजे फिल्टर आपलं काम करतोय, कारण पुढचा ईएल८४ शांत आहे. १०० चा हम ईबीसी८१ च्या ग्रिडमधून शिरतोय, तेही व्हॉल्यूम शून्य असताना. नव्या फिल्टर कंडेन्सरच्या निगेटिव्ह वायरी कुठे जोडल्यात, आणि व्हॉल्यूम कंट्रोलचा खालचा पाय चॅसीला कुठे मिळतो? फोटो टाका.

खारेगावकर

फोटो टाकलाय. दोन्ही निगेटिव्ह ईबीसी८१ च्या सॉकेटशेजारच्या टॅगवर आहेत, तीच जागा सोयीची होती. व्हॉल्यूमची अर्थही त्याच टॅगवर येते.

सिरीज_बल्ब

हेच ते. मूळ डब्याची निगेटिव्ह बाजू म्हणजे डबा स्वतः, आणि तो चॅसीवर ट्रान्सफॉर्मरजवळ बसलेला होता. आता चार्जिंगचे धक्के त्या टॅगवरून सबंध चॅसीतून परत ट्रान्सफॉर्मरपर्यंत जातात. टॅग आणि चॅसी यांच्यातला ओहमचा छोटासा अंश पुरे, तेवढ्यावर काही मिलिव्होल्ट उभे राहतात. व्हॉल्यूमची अर्थ त्याच टॅगवर असल्यामुळे ईबीसी८१ ते गाण्यासारखेच मोठे करतो.

पहिल्या कंडेन्सरची निगेटिव्ह थेट ट्रान्सफॉर्मरच्या एचटी वाइंडिंगच्या सेंटर टॅपला (मधल्या टोकाला) न्या, स्वतंत्र जाड वायरने. दुसऱ्याचीही तिथेच, आणि तिथूनच एक वायर चॅसीला. व्हॉल्यूमची अर्थ आहे त्या टॅगवरच राहू द्या.

खाडीपल्याड

हे फार महत्त्वाचं आहे, ‘सगळे कंडेन्सर नवे, तरी हम’ अशा कितीतरी सेटमध्ये मला हेच सापडलंय. आधी डबा जिथे अर्थ होता तिथेच नवे कंडेन्सर अर्थ करायचे.

अजून एक प्रकार सांगून ठेवते, पुढे कोणाला उपयोगी पडेल. हम फक्त स्टेशन लागल्यावरच येत असेल आणि दोन स्टेशनांच्या मधे नसेल, तर तो फिल्टरचा नसतो. मेन्सच्या वायरीतून रेडिओ लहरी आत येतात आणि रेक्टिफायरच्या तालावर कमीजास्त होतात. जुन्या सेटमध्ये यासाठी मेन्सपासून चॅसीला एक कंडेन्सर असतो. तो बदलायचा असेल तर वाय२ क्लासचाच (मेन्स आणि चॅसी यांच्यामध्ये लावायच्या सुरक्षित दर्जाचा) घ्या, कारण तो शॉर्ट झाला तर चॅसी थेट लाइनवर येते. माझ्याकडे वाशीला मीडियम वेव्हवर भयानक खरखर यायची, सगळा दोष रेडिओला देत होते. खिशातला ट्रान्झिस्टर घेऊन घरभर फिरले तेव्हा कळलं की राउटरचा ॲडॅप्टर आणि स्वयंपाकघरातला एक एलईडी दिवा यांचा तो गोंधळ होता.

खारेगावकर

हम गेला! कान स्पीकरला लावला तर अगदी बारीक ऐकू येतो, एक फूट लांबून काही नाही. मी वेडाच झालोय आनंदाने. बायको म्हणाली, हा पूर्वीही एवढा स्वच्छ वाजत नव्हता.

आता फक्त शॉर्ट वेव्ह. बँडस्विच फिरवला की टक् असा आवाज येतो, पण पुढे काहीच नाही, खरखरसुद्धा नाही.

ऐरोली_एक्सप्रेस

ईसीएच८१ चा ऑसिलेटर (आतच स्वतःची रेडिओ लहर तयार करणारा भाग) चालतोय का ते बघायला हवं ना? पण घरी स्कोप (ऑसिलोस्कोप) नसेल तर कसं बघणार?

खाडीपल्याड

स्कोप लागत नाही. ऑसिलेटर स्टेशनच्या वर ४५५ किलोहर्ट्झने चालतो. व्हॉल्व्ह सेट मीडियम वेव्हवर ५५८ ला लावा, शेजारी ट्रान्झिस्टर ठेवून तो १०१३ च्या आसपास फिरवा. एका जागी ट्रान्झिस्टरची खरखर एकदम दबते, मुकी शांतता येते. व्हॉल्व्ह सेटचा काटा हलवला की ती जागाही सरकते. तोच तुमचा ऑसिलेटर.

शॉर्ट वेव्हसाठी मीटर लावा. ईसीएच८१ ची पिन ९ म्हणजे ट्रायोडची ग्रिड. मीटरच्या टोकाला १०० किलोओहम सिरीजमध्ये लावून मोजा, नाहीतर मीटरच्या वायरीनेच ऑसिलेशन बंद पडायचं. चालू असेल तर काही व्होल्ट निगेटिव्ह दिसतात.

खारेगावकर

ताई, ट्रान्झिस्टरची युक्ती अफलातून आहे, मुलाला दाखवली तर तो तासभर तेच करत बसला. मीडियम वेव्हवर पिन ९ ला उणे ८ च्या आसपास. शॉर्ट वेव्हवर शून्य.

सिरीज_बल्ब

मीडियमला उणे ८ म्हणजे व्हॉल्व्ह धडधाकट. शॉर्टला शून्य म्हणजे बँडस्विच किंवा कॉइल. आधी स्विच. स्प्रेने न्हाऊ घालू नका, त्या पॅक्सोलिनच्या चकतीत द्रव मुरला तर लीकेज होतं आणि नवा ताप सुरू होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कडक कागदाची पट्टी एकेका काँटॅक्टमध्ये सरकवून ओढा. पट्टी काळी निघेल. निघायची थांबेपर्यंत करा. भिंग घेऊन बघा, एखादी पाकळी वाकून मागे राहिलेली असते. आयएफटीच्या (आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या) आणि कॉइलच्या कोअरना अजिबात हात लावू नका. मीडियम वेव्ह डायलवर बरोबर जागी लागतोय म्हणजे अलाइनमेंट जागेवर आहे.

५५८_किलोहर्ट्झ

‘बरोबर जागी’ ओळखायचं कसं, हे नव्यांसाठी. जुन्या डायलवर बहुधा मीटर छापलेले असतात. तीन लाखाला किलोहर्ट्झने भागा. ५५८ म्हणजे ५३७ मीटर, मुंबईचं १०४४ म्हणजे २८७, ११८८ म्हणजे २५२. काटा त्याच्या आसपास थांबला की झालं.

खारेगावकर

एक पाकळी खरंच वाकलेली होती, ऑसिलेटरच्या चकतीवर. शिंप्याच्या चिमट्याने अलगद सरळ केली. पिन ९ ला आता उणे ५. काल रात्री गॅलरीतून दहा मीटर वायर टाकली आणि ३१ मीटरच्या पट्ट्यात एकामागून एक केंद्रं लागली. सासऱ्यांना आणलं होतं. त्यांनी स्वतः बटण फिरवलं, मॅजिक आयची हिरवी पानं मिटताना बघत होते. भाषा कळत नव्हती तरी उठायला तयार नव्हते.

काका, ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

सिरीज_बल्ब

सासऱ्यांना नमस्कार सांगा. कॅबिनेट बंद करण्याआधी एक काम करा. एचटीच्या सेंटर टॅपच्या वायरीत १६० मिलिअँपिअरचा स्लो ब्लो फ्यूज घाला. कधी ईएल८४ किंवा फिल्टर शॉर्ट झाला तर ट्रान्सफॉर्मरऐवजी फ्यूज जाईल. आणि मागचा पुठ्ठा लावाच, घरात मुलं आहेत.

जांभळी_नाका

काका, माझ्याकडे जो सेट आहे त्यात यूसीएच८१, यूबीएफ८९, यूसीएल८२, यूवाय८५ आहेत. हीच पद्धत चालेल का?

सिरीज_बल्ब

थांबा, त्याला हात लावू नका. ‘यू’ म्हणजे हीटर सिरीजमध्ये आणि मेन्स ट्रान्सफॉर्मर नाही. चॅसी थेट मेन्सला जोडलेली असते, प्लग उलटा बसला तर तिच्यावर पूर्ण २३० व्होल्ट. ते स्पीकरच्या स्क्रूवर आणि नॉब निघालेल्या दांडीवरही येतात. चॅसीला अर्थ द्यायची नाही, आणि चालू असताना व्हॉल्व्ह काढायचा नाही, एक काढला की सगळे विझतात. आधी १०० व्हीएचा वन-टू-वन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज तेवढंच ठेवून सेट मेन्सपासून वेगळा करणारा) आणा. आणलात की नवा धागा काढा, मी येतो.